पुसता येणाऱ्या खुणा: लिम्फोमातील मायक्रोआरएनए जनुके का गप्प होतात?

जूचंद्र हे वसई तालुक्यातले रांगोळीचे गाव. दिवाळीत इथल्या प्रदर्शनांतली व्यक्तिचित्रे पाहायला दूरदूरहून माणसे येतात. डोळ्यातली चमक, कपाळावरची सुरकुती, साडीच्या काठाची जर, सगळे चिमटीतून सुटलेल्या रंगकणांनी उभे राहिलेले असते. प्रदर्शन संपले की केरसुणी फिरते आणि खालची लादी होती तशी उरते. चित्र कितीही गडद असले तरी त्याने लादीत काही कोरलेले नसते.

लादीवरची खूण आणि लादीचा तडा यांतला हा फरक लिम्फोमाच्या अभ्यासात फार मोलाचा आहे. पेशीतले एखादे जनुक काम करीनासे झाले, तर त्याची दोन कारणे असू शकतात. जनुकाचा तुकडाच गळून गेला असेल किंवा त्याची अक्षरे बिघडली असतील. ही फुटलेली लादी. किंवा जनुक अक्षर न् अक्षर शाबूत असेल, पण त्यावर बंदीची रासायनिक खूण बसली असेल; ही लादीवरची रांगोळी. दुसऱ्या प्रकाराला अधिजनुकीय बदल म्हणतात. बाहेरून पाहता दोन्हींचा परिणाम एकच, जनुक गप्प. उपचाराच्या दृष्टीने मात्र त्यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे, कारण गळालेले जनुक औषधाने परत येत नाही आणि गप्प केलेले जनुक बोलते करता येण्याची आशा असते.

लिम्फोमात मायक्रोआरएनए जनुकांवर अशा खुणा कशा बसतात, त्या टिकतात का आणि त्या पुसण्याचे प्रयत्न कुठवर आले आहेत, याचे विवेचन पुढे केले आहे.

१. लिम्फोमा आणि त्याचे घर

लिम्फोमा म्हणजे लसिकापेशींचा, अर्थात शरीराच्या संरक्षक पांढऱ्या पेशींचा कर्करोग. मान, काख, जांघ, छाती, पोट इथे मिळून शरीरात पाचशेहून अधिक लसिकाग्रंथी असतात. थॉमस हॉजकिन या इंग्रज वैद्याने १८३२ मध्ये या ग्रंथींच्या एका विकाराचे वर्णन केले आणि पुढे त्या विकाराला त्याचेच नाव मिळाले. आज लिम्फोमाचे अनेक प्रकार ओळखले जातात. त्यांतला मोठ्या बी-पेशींचा विखुरलेला लिम्फोमा, म्हणजे डीएलबीसीएल, सर्वांत जास्त आढळतो.

बी-पेशींतच, म्हणजे प्रतिपिंडे घडवणाऱ्या लसिकापेशींतच, हा आजार इतका का होतो, याचे उत्तर ग्रंथीच्या आत, जननकेंद्र नावाच्या भागात मिळते. जंतूची चाहूल लागली की बी-पेशी तिथे जमतात, झपाट्याने विभागतात आणि अधिक नेमकी प्रतिपिंडे घडवण्यासाठी स्वतःच्याच डीएनएत मुद्दाम फेरफार करतात. पेशीने परिपक्व होण्याचे काम तेवढ्यापुरते थांबवायचे आणि वेळ आली की पुन्हा सुरू करायचे, अशी ही व्यवस्था आहे. हे थांबवणे आणि सुरू करणे अधिजनुकीय खुणांच्या हाती असते. थांबवणारी खूण वेळेवर पुसली गेली नाही, तर पेशी विभागणीच्याच अवस्थेत अडकून राहते. लिम्फोमाची एक मोठी वाट इथून फुटते.

२. मायक्रोआरएनए: बावीस अक्षरांचा अंमल

प्रथिन बनवण्याचा निरोप डीएनएकडून आरएनएमार्फत जातो. मायक्रोआरएनए हा मात्र प्रथिन न घडवणारा आरएनए आहे. त्याची लांबी जेमतेम बावीस अक्षरांची. एका सूक्ष्म कृमीचा अभ्यास करताना व्हिक्टर ॲम्ब्रोस आणि गॅरी रव्हकुन यांच्या गटांनी १९९३ मध्ये असा पहिला रेणू आणि त्याचे काम उजेडात आणले. या शोधासाठी दोघांना २०२४ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले.

त्याची घडण अशी होते. जनुकावरून आधी एक लांब धागा बनतो आणि तो केसपिनेसारखा दुमडतो. ड्रोशा नावाचे विकर त्याला केंद्रकात छाटते, डायसर नावाचे विकर केंद्रकाबाहेर पुन्हा छाटते. उरलेला छोटा तुकडा आर्गोनॉट या प्रथिनात जाऊन बसतो आणि जुळणारी अक्षरे असलेला निरोप शोधत फिरतो. जुळणीसाठी मुख्यतः त्याची दुसऱ्यापासून आठव्यापर्यंतची अक्षरे पुरतात. निरोप सापडला की तो दाबला जातो किंवा नष्ट होतो. जुळणी इतकी छोटी असल्यामुळे एकच मायक्रोआरएनए शेकडो निरोपांवर अंमल चालवू शकतो. म्हणून असे एक जनुक गप्प झाले की त्याने आवरून धरलेली कितीतरी प्रथिने एकदम मोकाट सुटतात.

मायक्रोआरएनएच्या आंतरराष्ट्रीय नोंदवहीच्या बाविसाव्या आवृत्तीत माणसाचे १,९१७ केसपिन-धागे नोंदलेले आहेत. प्रयोगशाळेत या रेणूंना थोडक्यात ‘मिर’ म्हणतात आणि पुढे क्रमांक लावतात. इथेही तीच पद्धत ठेवली आहे.

३. खुणा दोन, त्या बसवणारे हात अनेक

पहिली खूण डीएनएवरच बसते. डीएनएच्या अक्षरमाळेत सी आणि त्यामागोमाग जी अशी जोडी आली की त्या सीवर मिथिल नावाचा छोटा रासायनिक गट चढवता येतो. माणसाच्या जनुकसंचात अशा सुमारे दोन कोटी ऐंशी लाख जोड्या आहेत आणि बहुतेकींवर मिथिल असतोच. अपवाद जनुकांच्या उंबरठ्याचा. तिथे या जोड्या दाट वस्तीने राहतात आणि निरोगी पेशीत त्या सहसा मोकळ्या असतात. कर्करोगात नेमका हा उंबरठा मिथिलांनी भरून जातो आणि जनुकाचे दार बंद होते. अनेक मायक्रोआरएनए जनुकांचा उंबरठा अशा दाट वस्तीत असल्याने ती या बदलाला सहज बळी पडतात.

दुसरी खूण हिस्टोनवर बसते. पेशीतला सुमारे दोन मीटर डीएनए हिस्टोन प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेला असतो. रिळावर ॲसिटिल गट असले की धागा सैल राहतो आणि जनुक वाचले जाते. एचडॅक विकरे हे गट काढून टाकतात आणि धागा आवळला जातो. ईझेडएच२ हे विकर हिस्टोनवर तीन मिथिल चढवून तिथे ‘बंद’ची मोहोर उमटवते. जननकेंद्रातून उगवणाऱ्या लिम्फोमांत हे ईझेडएच२ स्वतःच बिघडून अतिउत्साही झालेले अनेकदा आढळते. २०१० मध्ये त्याच्या ६४१ व्या जागेवरचा बदल डीएलबीसीएल आणि फॉलिक्युलर लिम्फोमात सापडला.

रांगोळीचा दाखला इथे एका जागी अपुरा पडतो. रांगोळी पुसली की गेली. पेशीतली खूण मात्र पेशी विभागली तरी जात नाही, कारण डीएनएमटी१ नावाचे विकर जुन्या धाग्यावरचे मिथिल पाहून नव्या धाग्यावर तसेच मिथिल उमटवत जाते. सकाळी पुसलेली रांगोळी संध्याकाळी त्याच ठिपक्यांवर कोणी पुन्हा काढावी, तसे हे काम आहे. खूण पुसायची तर ती पुन्हा काढणारा हातही थांबवावा लागतो. अझासायटिडिनसारखी औषधे हेच करतात. ती डीएनएत शिरतात, या विकराला तिथेच अडकवून ठेवतात, आणि पेशीच्या दर विभागणीबरोबर खूण पुसट होत जाते.

४. गप्प होण्याच्या तीन वाटा

*उंबरठ्यावरचे मिथिल.* मिर-३४ए हे जनुक पहिल्या गुणसूत्रावर आहे. पेशीचा डीएनए दुखावला की पी५३ हे रक्षक प्रथिन त्याला जागे करते, आणि मिर-३४ए पेशीची विभागणी थांबवते. हाँगकाँगमधील संशोधकांनी २०१० मध्ये रक्ताच्या कर्करोगांत या जनुकाच्या उंबरठ्यावर मिथिल चढल्याचे दाखवले. लिम्फोमांपैकी एनके/टी-पेशी प्रकारात ते विशेष दिसले. याचा अर्थ गंभीर आहे. पी५३ धडधाकट असूनही त्याचा हुकूम पोचत नाही, कारण ज्याने तो अमलात आणायचा त्याचे दारच बंद आहे. नुसते पी५३ तपासून ‘रक्षक शाबूत आहे’ असे म्हणणे अशा वेळी अपुरे ठरते.

मिर-२०३ चे उदाहरण आणखी बोलके आहे. जठरात हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूचा वर्षानुवर्षे मुक्काम राहिला तर तिथे माल्ट नावाचा लिम्फोमा उद्भवू शकतो. त्याचे वैशिष्ट्य असे की जंतूवरची प्रतिजैविके दिल्यावर सुरुवातीच्या अवस्थेतला हा कर्करोग पुष्कळ रुग्णांत ओसरतो. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या गाठींमध्ये मिर-२०३ चा उंबरठा मिथिलांनी भरलेला आढळला. मिर-२०३ गप्प झाल्याने एबीएल१ हे वाढीला चालना देणारे प्रथिन मोकाट सुटले होते. जंतू, दीर्घ दाह, खूण, गप्प जनुक आणि गाठ अशी साखळी इतकी सलग क्वचितच हाती लागते.

*हिस्टोनची आवळण.* मिर-१५ए आणि मिर-१६-१ ही तेराव्या गुणसूत्रावरची जोडगोळी. पेशीला मरू न देणाऱ्या बीसीएल२ या प्रथिनाला ती आवरते. सीएलएल या लसिकापेशींच्या संथ कर्करोगात निम्म्याहून अधिक रुग्णांत गुणसूत्राचा हा भाग गळालेला असतो. जॉर्ज कॅलिन आणि कार्लो क्रोचे यांनी २००२ मध्ये हे दाखवले, आणि मायक्रोआरएनएचा कर्करोगाशी संबंध तिथेच प्रथम जुळला. तो गळण्याचा, म्हणजे फुटलेल्या लादीचा मामला होता. पण हीच जोडगोळी काही रुग्णांत जागेवर असूनही गप्प होती. २०१२ मध्ये असे दिसले की त्यांच्या पेशींत एचडॅक विकरांनी हिस्टोन आवळून ठेवले होते. एचडॅक रोखणारे औषध या पेशींवर टाकताच काही नमुन्यांत जोडगोळी पुन्हा बोलू लागली. एकच आजार, एकच जनुक, तेच गप्प होणे. पण एका रुग्णात लादी फुटलेली आणि दुसऱ्यात वर नुसती खूण. दोघांना एकाच औषधाचा गुण येईल अशी अपेक्षा करणे योग्य नव्हे.

*एकमेकांना धरून राहणारे चक्र.* तिसरी वाट सर्वांत अवघड. मॅन्टल-पेशी आणि इतर आक्रमक बी-पेशी लिम्फोमांत मिक हे प्रथिन बेफाम वाढलेले असते. २०१२ मध्ये दिसून आले की मिक, एचडॅक३ आणि ईझेडएच२ हे तिघे मिळून मिर-२९ च्या उंबरठ्यावर ठाण मांडतात आणि त्याला गप्प करतात. मिर-२९ ज्यांना आवरते त्यांत सीडीके६ हे पेशी-विभागणीचे चाक आहे. त्यातच डीएनएवर मिथिल चढवणारी डीएनएमटी३ए आणि ३बी ही विकरेही येतात. म्हणजे मिर-२९ गेले की नव्या खुणा काढणारे हात मोकळे होतात.

चक्र इथेच थांबत नाही. मिक मिर-२६ए लाही दाबते, आणि मिर-२६ए चे काम ईझेडएच२ ला मर्यादेत ठेवणे हेच. ते दबले की ईझेडएच२ वाढते. वाढलेले ईझेडएच२ मिर-४९४ ला दाबते, आणि मिर-४९४ मिकला आवरणारे असल्याने मिक पुन्हा वाढते. इथे आरंभ कुठला आणि परिणाम कुठला हे सांगता येत नाही. मायक्रोआरएनए जनुकांवर खुणा बसतात हे खरे, पण खुणा बसवणाऱ्या यंत्रणेवर लक्ष ठेवणारे मायक्रोआरएनएच असतात, हेही तितकेच खरे. लिम्फोमा हा पहारा काढून घेतो.

५. उलट दिशेचा बदल

खुणा फक्त दार बंद करतात असे नाही. एकविसाव्या गुणसूत्रावरचे मिर-१५५ हे दार नको तेव्हा उघडे राहण्याचे उदाहरण. जननकेंद्र नीट चालायला ते लागते. पण हॉजकिन लिम्फोमात आणि डीएलबीसीएलमध्ये, विशेषतः सक्रिय बी-पेशींसारख्या उपप्रकारात, ते प्रमाणाबाहेर वाढते. सीएलएलमध्ये एमवायबी नावाचे प्रथिन त्याच्या उंबरठ्यावर बसून ‘चालू’च्या हिस्टोन-खुणा वाढवते, असे आढळले आहे. उंदरांच्या बी-पेशींत नुसते मिर-१५५ वाढवले तरी आक्रमक रोग होतो, हे २००६ मध्येच दिसले होते. सर्वच खुणा सरसकट पुसून काढाव्यात, असा निष्कर्ष त्यामुळे काढता येत नाही. बंद दारे उघडताना जी दारे बंद राहायला हवीत तीही उघडण्याचा धोका असतो.

६. पुरावा कसा तोलावा

खूण दिसते कशी, हे आधी पाहू. गाठीच्या डीएनएवर सोडियम बायसल्फाइटची प्रक्रिया करतात. मोकळा सी तिने बदलतो आणि वाचताना टी म्हणून दिसतो. मिथिल चढलेला सी मात्र सीच राहतो. समजा मूळ अक्षरे ‘एसीजीटीसीए’ आहेत. जीच्या आधीच्या सीवर मिथिल असेल तर प्रक्रियेनंतर ‘एसीजीटीटीए’ वाचले जाते, आणि नसेल तर ‘एटीजीटीटीए’. एका अक्षराच्या या फरकावर सारा शोध उभा आहे.

पण खूण दिसली म्हणून तिने आजार घडवला असे सिद्ध होत नाही. गाठीत कर्कपेशींबरोबर निरोगी टी-पेशी, रक्तवाहिन्या आणि तंतूही असतात, त्यामुळे मोजलेला आकडा त्या सगळ्यांची सरासरी असतो. तुलनेसाठी घेतलेल्या निरोगी पेशीही त्याच अवस्थेतल्या हव्यात. जननकेंद्रातून आलेल्या लिम्फोमाची तुलना रक्तात फिरणाऱ्या बी-पेशीशी केली, तर कर्करोगाचा म्हणून दाखवलेला फरक खरे तर पेशीच्या वयाचा असू शकतो.

म्हणून एखादे मायक्रोआरएनए जनुक अधिजनुकीय बदलाने गप्प झाले आणि त्यातून लिम्फोमा वाढला, असे म्हणायला पाच गोष्टी जुळाव्या लागतात. खूण गाठीत असावी आणि योग्य निरोगी पेशीत नसावी. त्या मायक्रोआरएनएचे प्रमाण खरोखर घटलेले असावे. खूण काढल्यावर ते परत वाढावे. ते वाढल्यावर त्याच्या हाताखालचे प्रथिन घटावे. आणि खुणेला न शिवता ते मायक्रोआरएनए बाहेरून दिले तरी पेशींची वाढ मंदावी. पहिल्या दोन पायऱ्यांवर थांबलेले निबंध पुष्कळ आहेत, पाचही चढलेले थोडे. नवे संशोधन वाचताना विद्यार्थ्यांनी ही मोजपट्टी जवळ ठेवावी.

७. उपचार कुठवर आले

खुणा पुसणारी औषधे आज रुग्णालयांत आहेत. त्वचेच्या टी-पेशी लिम्फोमासाठी एचडॅक रोखणाऱ्या व्होरिनोस्टॅटला अमेरिकेत २००६ मध्ये आणि रोमिडेप्सिनला २००९ मध्ये मान्यता मिळाली. ईझेडएच२ रोखणाऱ्या टॅझेमेटोस्टॅटला फॉलिक्युलर लिम्फोमासाठी २०२० मध्ये मिळाली. ही औषधे एका मायक्रोआरएनएसाठी बनलेली नाहीत. ती संपूर्ण जनुकसंचावर काम करतात, आणि गुण नेमका कोणत्या जनुकाच्या जागे होण्याने आला हे वेगळे काढणे कठीण जाते.

दुसरा मार्ग नेमका मायक्रोआरएनए हाताळण्याचा. मिर-३४ए ची प्रतिकृती स्निग्ध कणांत भरून प्रगत कर्करोगाच्या रुग्णांना देण्याची चाचणी २०१३ मध्ये सुरू झाली. प्रतिकारयंत्रणेच्या गंभीर प्रतिक्रियांमुळे ती २०१६ मध्ये थांबवावी लागली. मिर-१५५ ला अडवणारे कोबोमार्सेन त्वचेच्या टी-पेशी लिम्फोमात तपासले गेले, पण नेहमीच्या उपचारांत ते आलेले नाही. या अपयशांतून एक धडा मिळतो. रेणू योग्य असून भागत नाही, तो हव्या त्या पेशीतच पोचवण्याचे तंत्रही लागते. जनुक जागेवरच असेल, तर बाहेरून प्रतिकृती आणण्याऐवजी पेशीच्या स्वतःच्या जनुकावरची खूण काढणे हा अधिक स्वाभाविक मार्ग ठरतो.

तिसरा विचार क्रमाचा. डीएलबीसीएलमध्ये आधी अझासायटिडिन आणि मग नेहमीची केमो, असा प्रयोग २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात गप्प झालेले एसमॅड१ हे जनुक जागे झाल्यावर केमोला दाद न देणाऱ्या पेशी दाद देऊ लागल्याचे दिसले. एसमॅड१ मायक्रोआरएनए जनुक नव्हे, तरी तत्त्व तेच. खूण पुसणारे औषध एकट्याने पेशी मारील न मारील, पुढच्या औषधासाठी वाट मोकळी करणे हेही त्याचे मोठे काम आहे.

असे क्रम तपासायला लागणारी जागा आपल्याकडे आहे. टाटा मेमोरियल रुग्णालय परळला १९४१ मध्ये सुरू झाले. त्याचीच संशोधनसंस्था ॲक्ट्रेक खारघरला आहे. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या सहकार्यातून घडलेल्या नेक्सकार१९ या पेशी-उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये भारतात मान्यता मिळाली. बी-पेशींचे लिम्फोमा आणि ल्युकेमिया यांसाठी तो आहे. तो अधिजनुकीय खुणांना हात लावत नाही, पेशीच्या पृष्ठभागावरची सीडी१९ ही ओळख पाहून हल्ला करतो. पण प्रयोगशाळेतली कल्पना आपल्याच शहरात रुग्णाच्या खाटेपर्यंत पोचते, याची त्याने खात्री पटवली.

८. गळ्यातली गाठ आणि मेणाचा ठोकळा

हे सगळे जूचंद्रमधल्या एखाद्या घरात पोचते ते मानेतल्या न दुखणाऱ्या गाठीच्या रूपाने. आपल्याकडे अशी गाठ दिसली की पहिला संशय टीबीचा येतो. टीबी इतका आढळतो की तो संशय रास्तही असतो. पण ताप, रात्रीचा घाम आणि घटणारे वजन टीबीतही असते आणि लिम्फोमातही. सुईने काढलेल्या थोड्या पेशींवर लिम्फोमाचा प्रकार बहुधा ठरत नाही, त्यासाठी गाठ किंवा तिचा पुरेसा तुकडा काढावा लागतो. तुकडा न तपासता टीबीची औषधे सुरू झाली, तर मोलाचे महिने निघून जातात.

रक्तातल्या मायक्रोआरएनएवरून निदान होईल का, असे सुशिक्षित नातेवाईक विचारतात. डीएलबीसीएलच्या रुग्णांच्या रक्तद्रवात मिर-१५५, मिर-२१० आणि मिर-२१ वाढलेले असतात, असे २००८ मध्ये दिसले. परंतु मिर-२१ दाहाच्या इतर आजारांतही वाढते. जिथे टीबी आणि लिम्फोमा यांतच निवड करायची आहे, तिथे अशा चाचणीवर आज विसंबता येत नाही. तुकड्याला पर्याय नाही.

तो तुकडा फॉर्मलिनमध्ये बुडवून मेणात बसवतात. बोटाच्या पेरापेक्षा थोडा मोठा ठोकळा तयार होतो आणि त्याचे केसाहून पातळ काप काचेवर घेऊन तपासतात. मोठ्या रुग्णालयात जाताना ‘ब्लॉक आणि स्लाइड घेऊन या’ असे सांगतात ते याचेच. जूचंद्रजवळच्या नायगावहून लोकलने दादर आणि पुढे परळ गाठणाऱ्या कुटुंबाच्या पिशवीत फाइलबरोबर तो ठोकळा असतो. मेणात वर्षे गेली की लांब आरएनए धागे तुटून जातात. मायक्रोआरएनए मुळातच इतके आखूड की ते बऱ्यापैकी टिकतात, आणि डीएनएवरचे मिथिलही जागेवर राहते. आज निदानासाठी वापरलेल्या ठोकळ्यात कोणते जनुक गळाले आहे आणि कोणते नुसते गप्प आहे याची नोंद शिल्लक असते, आणि आजार उलटला तर ती पुन्हा वाचता येते.

म्हणून उपचार संपल्यावर तो ठोकळा रद्दीत जाऊ देऊ नका. उन्हापासून दूर, कोरड्या कपाटात, नाव आणि तारीख लिहिलेल्या डबीत ठेवा. ज्या दिवशी खूण पाहून औषध निवडता येईल, त्या दिवशी तीच डबी उघडावी लागेल.